कवडी फुटली त्या आठवड्यात

सोमवार, १२ मे

प्रति,
बेटावरच्या कवडी केंद्राचे चालक यांस,

सप्रेम लिहून खोडलं आहे. नुसता नमस्कार.

हे पत्र निव्वळ कामाचं आहे. आज सकाळी शहर आणि बेट यांच्यामधली समुद्राखालची केबल तुटली. दोन्ही तीरांमधलं नेट बंद, फोन बंद, म्हणून कागद. लाँचवाले काका दुपारच्या फेरीला हे आपल्या हातात देतील. आपण त्यांच्याचकडे उत्तर द्यावं, ही विनंती.

आपण-बिपण मला जमत नाही. दादा, कवडी फुटली. खरोखर फुटली. ज्या गोष्टीवरून आपण दोघं इतकी वर्षं एकमेकांशी बोललो नाही, ती आज माझ्या डोळ्यांसमोर झाली, आणि ती सांगायला मला तुझ्याशिवाय माणूस नाही. म्हणजे माणसं पुष्कळ आहेत, अर्ध्या वाक्यात कळणारा कोणी नाही.

मी कॉफी ओतत होते आणि गजर वाजला. तोच, ज्याच्यामुळे तू मला टिटवी म्हणायला लागलास. आजवर तो दोनदाच वाजला होता, आणि दोन्ही वेळा खालच्या दुकानात शिडं शिवणाऱ्या मास्तरांनी चुकून माझा प्लग काढला होता. म्हणून मी आधी जिन्यातून ओरडले, "मास्तर, प्लग काढलात का?"

"तुझ्या प्लगला हात लावायला मला काय वेड लागलंय?" मास्तर मशीन न थांबवता म्हणाले.

मग मी पडद्याकडे बघितलं. बेटावरची सगळी यंत्रं गायब. एकेक करून गेली असती तर म्हटलं असतं, कोणी बंद केलं, कोणाचं बिघडलं. पण पाटीवरून ओला फडका फिरवावा तशी सगळी एका झटक्यात गेली, आणि फक्त बेटावरचीच. त्यात पानं रेंगाळायला लागली. एरवी माझी कॉफी उकळून कपात येईपर्यंत खातेवहीचं एक नवं पान बांधून झालेलं असतं. आज कॉफी पिऊन झाली, कप धुऊन झाला, तरी पान येईना. पानं बांधणारे एवढे हात एकदम कमी झाल्यावर दुसरं काय होणार.

पण एवढ्यावरून मी 'फुटली' म्हणणार नव्हते. तूच म्हणायचास, समोरचा झोपलाय की जागा आहे, हे बंद दाराच्या अलीकडून कळत नाही. बेटाची वीज गेली असेल तर तुमची यंत्रं झोपली, काळजी नाही. उठली की आमची पानं उतरवून घेतील. पण वीज आहे आणि फक्त केबल गेली असेल, तर तुम्हाला वाटणार आम्हीच झोपलो, आणि तुम्ही आपली पानं बांधत राहणार. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. मी मास्तरांची दुर्बीण घेतली आणि गच्चीवर गेले.

बेटावरच्या बर्फाच्या कारखान्यातून वाफ निघत होती. चांगली भरघोस, पांढरीशुभ्र.

वीज होती. तुम्ही जागे होतात. म्हणजे त्या क्षणी कवडीच्या दोन खातेवह्या होत्या आणि दोन्ही स्वतःला खरी समजत होत्या. दादा, मी गच्चीवर एकटी हसत उभी होते. लोकांच्या पैशांचं काय होईल ते कळत नव्हतं, आणि तरी हसू थांबत नव्हतं. हे तुला कळेल. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर मला बांधून ठेवतील.

तशीच धावत बंदराच्या कचेरीत गेले. बंदर-अधिकारीण बाई म्हणाल्या, गाळ काढणाऱ्या जहाजाचा नांगर केबलमध्ये अडकला, जोडणारं जहाज यायला आठवडा तरी लागेल. मग म्हणतात, "पण तुमच्या कवडीचं काय बिघडलं? मी आत्ताच तिच्यावर ब्रेड घेतला."

"चालतेय, हेच बिघडलंय," मी म्हटलं, आणि त्यांना समजावलं. कवडीला बँक नाही. प्रत्येक सभासदाच्या यंत्रात एकच खातेवही असते, जशीच्या तशी. नवे व्यवहार झाले की त्यांचं एक पान बनतं, त्यावर आधीच्या पानाचा ठसा उमटतो, आणि ते सगळ्यांच्या वहीत चिकटतं. आज एकाच पानानंतर इकडे एक पान चिकटलं आणि तिकडे दुसरंच. केबल जोडली की यंत्रं एकमेकांच्या वह्या बघतील, जिची पानं जास्त ती ठेवतील आणि दुसरीची नवी पानं फाडून टाकतील. कोणाला न विचारता. शहरात यंत्रं बेटाच्या दुप्पट. मग फाटणार कोणाची?

"बेटाची," बाई म्हणाल्या. त्यांची मुलगी बेटावरच्या शाळेत शिकवते, पगार कवडीतच घेते. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

तर काम. तुटल्यापासूनची तुझ्या वहीतली सगळी पानं मेमरी कार्डावर घालून काकांकडे दे. माझी सोबतच्या कार्डावर आहेत. नेट नसलं तरी लाँच आहे. आणि दुकानदारांना सांग, किरकोळ व्यवहार चालू ठेवा, मोठे थांबवा. मी इथे तेच सांगत फिरतेय. (थांबवा म्हटलं की तुझ्या कपाळाला आठ्या पडणार, माहीत आहे. किरकोळ चालू ठेवा असं आधी लिहिलंय, ते परत वाच.)

आई बरी आहे. डोळ्याचं तुला कळवू नको असं तिने बजावलंय, म्हणून कळवत नाही.

शहर बाजूची कवडी चालक


बुधवार, १४ मे

दादा,

कार्ड मिळालं. कागदात गुंडाळलेलं, आणि कागदावर एक शब्द: तपास. इतक्या वर्षांनी एक शब्द, तोही आज्ञार्थी. आईने कागद उलटसुलट केला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि म्हणाली, "अक्षर त्याचंच आहे. बरा असावा."

तपासलं. दोन्ही वह्या शेजारी शेजारी मांडल्या. सोमवारी सकाळच्या लिलावाच्या पानापर्यंत ठसा न् ठसा एक, आणि तिथून दोन वाटा. मी कितीदा कागदावर ही आकृती काढली असेल. खरी बघताना अंगावर काटा आला.

आता ऐक, हे मी काल संध्याकाळपासून पोटात धरून ठेवलंय. आपण ज्याला भीत होतो ते झालंच नाही. मला वाटायचं, दोन वह्या झाल्या की लबाड लोक तीच कवडी एकदा इकडे आणि एकदा तिकडे खर्चतील, म्हणून छोट्या बाजूने गप्प थांबून राहावं. तू म्हणायचास, भुकेल्या माणसाला दुकान बंद करून नियम दाखवणार का? आणि दार आपटून बेटावर गेलास. जाताना म्हणालास, "तू थांबव, मी चालवतो." आणि इथे बघते तर शेकडो व्यवहारांत बेटावरच्यांनी बेटावर खर्चलंय, शहरातल्यांनी शहरात. एकमेकांना धक्कासुद्धा लागत नाही. तुमचे व्यवहार आमच्या पानांच्या मागे एकेक करून पुन्हा नोंदवता येतील. काहीच फाडायला नको. मी हे बघितलं आणि खोलीत फेऱ्या मारायला लागले. खालून मास्तर म्हणाले, छत पडेल.

एक व्यवहार मात्र आडवा आलाय.

एकाच पाकिटातली तीच शिल्लक दोन्ही तीरांवर खर्च झाली आहे. इकडे ग्रीसरावांकडे इंजिनासाठी. (ग्रीसराव म्हणजे धक्क्यावरचे इंजिनविके, तू गेल्यावर दुकान थाटलंय. खरं नाव त्यांच्या बायकोलाच माहीत असेल.) आणि तुमच्याकडे होडीवाल्या मावशींना, त्यांच्या नवऱ्यामागे पडून राहिलेल्या होडीसाठी. पाकीट कोणाचं? आमच्या जाळेवाल्या वहिनींचं आणि तुमच्या बर्फाच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्यांच्या नवऱ्याचं. दोघांचं एकच.

माझं डोकं सरळ लबाडीकडे धावलं. तरातरा धक्क्यावर गेले. वहिनी जाळं पसरून बसल्या होत्या, तोंडात दोऱ्याचं टोक.

"वहिनी, इंजिन घेतलंत?"

त्यांचा चेहरा उजळला. "घेतलं की. सोमवारी सकाळीच. असं स्वस्त परत मिळालं नसतं. ह्यांना सांगावं म्हणून फोन लावतेय तर लागतच नाही. होडी काय, पुढच्या वर्षी बघू."

"आणि त्यांनी तिकडे होडी घेतली असली तर?"

वहिनींनी दोरा तोंडातून काढला. "कशाने घेतील? पैसे तर मी..." आणि थांबल्या. "त्यांनाही यंत्राने शिल्लक आहे म्हणून सांगितलं?"

"सांगितलं."

"मलाही सांगितलं." हात जाळ्यात तसेच अडकवून त्या पाण्याकडे बघत राहिल्या. कधीची जमवलेली रक्कम ती, होडी आणि इंजिन या दोन गोष्टींसाठी. जे आधी स्वस्तात मिळेल ते ज्याला मिळेल त्याने घ्यायचं, एवढंच दोघांचं ठरलेलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आता आम्ही चोर का?"

मी नाही म्हटलं. खोटं त्या बोलल्या नव्हत्या, त्यांचा नवरा बोलला नव्हता, यंत्रही बोललं नव्हतं. अशी वेळ आपल्या भांडणात कधी आलीच नव्हती, दादा. आपण चोर आणि भुकेले एवढेच धरून भांडलो. एकमेकांना फोन न लागलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं आपल्याला सुचलं नाही.

तुझ्या पानांत दिसतंय की मावशींनी ते पैसे लगेच पुढे दिलेत, पत्रेवाल्याला आणि सुताराला. म्हणजे तो एक व्यवहार गेला की मावशींचं छप्परही गेलं. त्या बर्फवाल्याला, वहिनींच्या नवऱ्याला, तू नीट समजाव. ओरडू नको. तू ओरडतोस.

उद्या इथे सभा आहे.


शुक्रवार, १६ मे

दादा,

सभा मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये झाली. फरशी ओली, लोक उलट्या क्रेटवर, ज्यांना क्रेट मिळाला नाही ते मोठ्या वजनकाट्यावर. सगळे एकाच वेळी बोलत होते. मी तीनदा "ऐका" म्हटलं, ते मलाच ऐकू आलं नाही. तेव्हा आई उठली. जन्मभर धक्क्याच्या तिकीट-खिडकीत बसलेली बाई ती. त्याच आवाजात म्हणाली, "एकेक जण, आणि सुट्टे घेऊन." शेड हसली आणि गप्प झाली.

ग्रीसराव पहिले. "मला तंत्र कळत नाही," ते म्हणाले, "पण सभासद होताना मला सांगितलं होतं की लांब वही खरी. आपली लांब आहे. केबल जोडा, यंत्र काय ते करील. मी इंजिन दिलंय, फुकट वाटलेलं नाही."

टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या, तुझ्यापासून लपवत नाही.

मी म्हटलं, "लांब वही खरी, हे यंत्रात मी आणि माझ्या भावाने लिहिलंय. म्हणून मला माहीत आहे ते कशासाठी लिहिलं. दोघांनी एकाच वेळी पान बांधलं तर वाद मिटावा म्हणून. एका गावाने दुसऱ्या गावाची मजुरी पुसून टाकावी म्हणून नाही. बेटावरच्या लोकांनी सोमवारपासून काम केलंय, घेतलंय, विकलंय. त्यांचा दोष एवढाच की ते आपल्यापेक्षा कमी आहेत. आणि नांगर आपल्या बंदराच्या जहाजाचा होता."

बरं बोलले असं मला वाटलं. पण कोणी हललं नाही. लोक आपापल्या फोनकडे बघत होते, आपली शिल्लक जागेवर आहे ना म्हणून. शेडच्या टोकाला कोणीतरी जायलासुद्धा उठलं.

मग भट्टीवाल्या बाई उभ्या राहिल्या, ब्रेडवाल्या. हाताला पीठ तसंच. "मला वह्या-बिह्या कळत नाहीत," त्या म्हणाल्या. "माझं पीठ बेटावरच्या गिरणीतून येतं. या आठवड्यात तिथल्या लोकांनी गिरणीवाल्याला जे दिलं ते पुसलं, तर पुढच्या आठवड्यात तो कवडी घेईल का? त्यांच्याकडून नाही घेणार, तर माझ्याकडून का घेईल? आणि त्याने नाही घेतली, तर तुम्ही सकाळी उठून काय खाणार, ग्रीसराव? इंजिन?"

शेडमध्ये जे हसू उसळलं ते मला आता जन्मभर पुरेल. त्यानंतर मी हात वर करायला सांगितले आणि जवळजवळ सगळे वर गेले. बेटाचं एकही पान फाडायचं नाही. ग्रीसरावांनी हात वर केला नाही. ते नंतर माझ्यापाशी आले, आवाज खाली आणून म्हणाले, "आणि माझं काय?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. आमची पानं तशीच राहणार, म्हणजे इंजिनाचे पैसे त्यांच्या पाकिटात आहेत. कोणाच्या पाकिटातून दुसऱ्याने काढायचं नाही, हे आपणच इतकं पक्कं बांधून ठेवलंय की मी सुद्धा ते उलटवू शकत नाही. आणि ते उलटल्याशिवाय मावशींचा व्यवहार बसत नाही.

असो. बेत असा. जोडणारं जहाज सोमवारी काम सुरू करणार आहे. त्याआधी, रविवारी दुपारी लाँच तुमच्या धक्क्याला लागली की दोन्हीकडे पानं बांधणं थांबवायचं, तुझं ताजं कार्ड माझ्याकडे, मग तुमचे व्यवहार एकेक करून आमच्या मागे. झालं की पुन्हा सुरू. थोडा वेळच थांबायचंय. दादा, एवढा वेळ थांबशील ना? हो किंवा नाही, एका शब्दात लिही. तुला एक शब्द येतो हे आता सिद्ध झालंय.


शनिवार, १७ मे

दादा,

आज काय झालं ते तुला अर्धं माहीत आहे. माझं अर्धं ऐक.

मी बसून रविवारची तयारी करत होते, इतक्यात मास्तर खालून म्हणाले, "अगं, ती केबल आजच जोडतायत म्हणे. वारा वाढायच्या आत उरकायचंय त्यांना."

मी चप्पल घातली की नाही आठवत नाही. लॅपटॉप छातीशी धरून केबलघरापर्यंत धावले, ते किनाऱ्याच्या पार टोकाला, वाळूत. आत केबल सांधणारा एकटाच, कानाला चाचणीचा फोन, समोर डब्यांवर लुकलुकणारे दिवे.

"थांबवा," मी म्हटलं.

"आत्ताच प्रकाश पलीकडे पोचला," तो खुशीत म्हणाला.

"थांबवा, लोकांचे पैसे जातील."

"बाई, मी केबल जोडतो. तिच्यातून कोण काय पाठवतं ते मला विचारू नका."

मी लॅपटॉप उघडला. आता यंत्रं एकमेकांना बघणार, मोजणार, आणि बेटाची सोमवारपासूनची पानं जाणार; शाळेचा पगार, गिरणीचं पीठ, सगळं. परत आणता आलं असतं, माझ्याकडे तुझं कार्ड होतं, पण ते मंगळवारपर्यंतचंच. नंतरचं कुठे होतं? आणि एकदा पुसलं गेलेलं पाहिल्यावर कोणी कवडीवर विश्वास ठेवला असता? मी पडद्याकडे बघत राहिले. बेटावरच्या यंत्रांचा एकही ठिपका आला नाही. आमचं पान बांधलं गेलं. मग आणखी एक. बेट नाहीच.

"तुमची केबल चालत नाही," मी म्हटलं.

त्याला राग आला. "चालते. प्रकाश जातोय, परत येतोय. तुमचंच काही येत नसेल तर तुमचं बघा."

तेवढ्यात त्याच्या चाचणीच्या फोनची घंटी वाजली. त्याने ऐकलं, तोंड वाकडं केलं, आणि फोन माझ्यापुढे धरून विचारलं, "इथे टिटवी कोण?"

मी फोन घेतला. तू म्हणालास, "दार मी आतून लावलंय."

बस. ना कशी आहेस, ना काही.

"केव्हा?" मी विचारलं.

"सोमवारी. तुझं पत्र वाचलं आणि या टोकाला कवडीची वाट बंद करून टाकली. केबलवाले सांगितलेल्या दिवशी येतात का कधी? तू म्हणशील तेव्हा उघडतो."

मी केबलच्या रिकाम्या रिळावर बसले. थांबायचं नाही यावरून ज्याने घर सोडलं, तो सोमवारपासून दाराशी बसून होता, आणि एका शब्दापलीकडे त्याने काही लिहिलं नव्हतं. तुला वाटलं असेल मी पानं मोजतेय. नव्हते मोजत.

मग आपण काम केलं. ते सगळं तुला माहीत आहे, पण मला परत लिहायचंय. दोन्हीकडे पानं बांधणं थांबवलं. तू ठसे वाचलेस, मी ताळा पाहिला. तू घाईत दोन अक्षरं गाळलीस, मी पकडली. तू म्हणालास "बरं बरं". तुझी मंगळवारनंतरची पानं त्या नव्या केबलवरून वेगळी फाइल म्हणून माझ्याकडे आली. मी तुमचे व्यवहार आमच्या मागे लावत गेले आणि एकही अडला नाही. फक्त मावशींचा आणि त्याच्या शेपटाला धरून असलेले पत्रेवाल्याचा आणि सुताराचा, हे बाहेर राहिले. मग तू म्हणालास, "उघडू?" आणि मी म्हटलं, "उघड."

बेट परत आलं. हिरवे ठिपके, आधी चार-पाच, मग मूठभर, मग सगळे. आणि पुढचं पान बांधलं गेलं ते कोणत्या यंत्राने बांधलं ते मी पाहिलं: तुझ्या. आमच्या पानाचा ठसा त्याच्यावर. मी केबल सांधणाऱ्याला मिठी मारली. तो म्हणाला, "बाई, माझं लग्न झालंय."

फोन ठेवायची वेळ आली तर तू ठेवेनास. मीही ठेवेना. मग तू हळूच विचारलंस, "आईच्या कुठल्या डोळ्याचं?"

आई तेव्हा धापा टाकत दारात पोचलीच होती. तिने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "उजव्या. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. आता लांबचं स्वच्छ दिसतं. गच्चीवरून बेट दिसतं, माणसं दिसत नाहीत." पुढचं तुम्हा दोघांचं. मी बाहेर वाळूत जाऊन उभी राहिले. केबल सांधणाराही माझ्यामागे बाहेर आला, आणि आम्ही दोघं बराच वेळ समुद्र बघत असल्यासारखे उभे होतो.


मंगळवार, २० मे

दादा,

फोन चालू झालाय तरी लिहितेय, कारण फोनवर तू मध्ये बोलतोस.

ग्रीसरावांचं तुला तिकडून कळलंच असेल, पण इकडची सुरुवात ऐक. रविवारी मी त्यांच्या दुकानात गेले आणि सरळ सांगितलं, "ही रक्कम फक्त तुम्हीच परत देऊ शकता. दुसऱ्या कोणाच्या हातात ते नाही."

"आणि नाही दिली तर?"

"तर मावशी, पत्रेवाला आणि सुतार, तिघं अधांतरी राहतील. आणि होडी कोणाची ते कोणालाच सांगता येणार नाही."

ते चिंधीने हात पुसत राहिले. हात काही स्वच्छ होईनात. मग विचारतात, "होडी आहे कशी?"

"मला काय कळतंय होडीतलं?"

"मग कोणाला कळतंय? कोणी बघून तरी आलं का? सभा भरवता, हात वर करता, आणि होडी कोणी बघितलेली नाही."

काल ते वहिनींबरोबर लाँचने गेले. पुढचं वहिनींनी सांगितलं. होडी किनाऱ्यावर ओंडक्यांवर चढवलेली होती. ग्रीसराव तिच्याभोवती फिरले. बोटांच्या पेरांनी फळ्या वाजवून पाहिल्या. मग आहे त्या कपड्यांत वाळूवर आडवे होऊन तिच्या खाली गेले, आणि बाहेरच येईनात. बर्फवाले घाबरून वाकले, "काय झालं का?"

खालून आवाज आला, "काही नाही. मी बघतोय."

बाहेर आले तेव्हा डोक्यात वाळू, डोळे लाल. म्हणाले, "सगळं आयुष्य लोकांच्या होड्यांत इंजिनं बसवण्यात गेलं. माझ्या नावाची एकही होडी नाही." आणि तिथल्या तिथे सौदा मांडला: इंजिन माझं, होडी तुमची, निम्मा वाटा द्या, रक्कम आत्ता परत करतो. बर्फवाले हो म्हणणारच होते. वहिनी म्हणाल्या, "निम्मा नाही. होडी इंजिनापेक्षा महाग आहे. एक तृतीयांश." मग वाळूवर बसून घासाघीस झाली, पंच म्हणून होडीवाल्या मावशी, आणि मावशी म्हणे प्रत्येक वेळी वहिनींच्याच बाजूने निकाल द्यायच्या. एक तृतीयांशावरच ठरलं. फक्त होडीवर ग्रीसरावांचंही नाव रंगवायचं, इंजिनाच्या बाजूला, आणि खरं नाव.

मी इथे पडद्यासमोर होते. कोणी मला फोन केला नव्हता, काही कळवलं नव्हतं. नुसतं बघत होते आणि ग्रीसरावांच्या पाकिटातून रक्कम निघाली. तिच्यामागे मावशींचा व्यवहार बसला. मग पत्र्यांचा. मग सुताराचा. सगळे एकाच पानात. मी जिन्यावरून धडधडत खाली गेले आणि मास्तरांना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. मला आठवतंय तेवढ्यात पहिल्यांदाच थांबवलं, आणि म्हणाले, "बस. पाणी पी."

आता नियमाचं. सभेने सांगितलंय की पुढच्या वेळी नांगर पडला तर काय करायचं ते यंत्रात लिहा, दोघांनी मिळून. मी मसुदा केलाय. एका बाजूची यंत्रं अशी एकदम दिसेनाशी झाली की दोन्ही बाजू आपोआप दार लावतील. किरकोळ व्यवहार चालू राहतील, तुझ्यासाठी. मोठ्यांवर 'कच्चा' असा शिक्का पडेल आणि घेणाऱ्याला तो दिसेल, माझ्यासाठी. केबल जोडली तरी दार उघडणार नाही. माणसांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघितल्या की मगच उघडेल. इथपर्यंत तुला मान्य होईल असं मला वाटतं.

पण किरकोळ म्हणजे किती, यावर तू काल फोनवर जो आकडा सांगितलास तो शुद्ध वेडेपणा आहे. त्या आकड्यात इंजिन बसतं. आठवडा गेला आपला एका इंजिनापायी आणि तू परत इंजिन आत सोडतोयस. तू म्हणशील, माझ्या आकड्यात मावशींचे पत्रेही बसत नाहीत, पावसाआधी छप्पर नको का? ते मी ऐकलं, त्याचा विचारही केला, आणि तरी तू चुकतोयस. का ते कागदावर मावणार नाही. मी इथवर लिहून पान उलटलं तर आईने विचारलं, कोणाला एवढं लिहितेस. सांगितलं. तर म्हणाली, एवढं लिहायचं त्यापेक्षा चल ना, आणि उठून तिकिटं काढून आली.

उद्या सकाळच्या लाँचने येतोय, दोघी. इथलं मास्तर बघतील, त्यांना सगळं शिकवून ठेवलंय. तू तुझा आकडा तयार ठेव, मी माझा घेऊन येते, आणि एक इंचही मागे हटणार नाही हे आत्ताच सांगते. फक्त आईची अट आहे: पोटभर जेवण झाल्याशिवाय दोघांपैकी कोणी आकड्याचं नाव काढायचं नाही.